उस्मानियापासून विष्णुपुरीपर्यंत : मराठवाड्यातला विद्यार्थी आणि त्याची भाषा

नांदेडचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. ही तारीख मुद्दाम निवडलेली होती. १९४८ साली याच दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. विद्यापीठाला नावही त्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांचेच दिले गेले. नांदेड, लातूर, परभणी आणि १९९९मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोली, असे चार जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

या तारखेकडे आणि या नावाकडे मराठवाड्यातला मुसलमान दोन मनांनी पाहतो. जुलमी राजवट गेली याचा आनंद त्यालाही आहे. पण त्याच सप्टेंबरात खेड्यापाड्यांतून जे घडले, ते घराघरांत दबक्या आवाजात सांगितले गेले आहे. दुसरीकडे मराठी सुशिक्षितांच्या मनात उस्मानिया विद्यापीठ म्हणजे उर्दूची सक्ती, एवढेच चित्र आहे. म्हणजे एकाला उस्मानिया परके वाटते, तर दुसऱ्याला नांदेडचे विद्यापीठ थोडे लांबचे वाटते.

या भागातल्या विद्यार्थ्याचा शंभर वर्षांचा प्रवास पाहिला तर मात्र वेगळेच काही दिसते. विद्यापीठ कोणत्या भाषेत शिकवते आणि ते घरापासून किती लांब आहे, या दोन गोष्टींनी इथे कोण शिकणार आणि कोण मागे राहणार हे ठरवले. त्यात कधी मराठी शाळेतले पोर अडकले, कधी उर्दू शाळेतले.

हैदराबादची वाट

उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. इंग्रजी अमलात देशातली विद्यापीठे इंग्रजीतून शिकवत होती. अशा काळात एका देशी भाषेतून विज्ञान, कायदा, वैद्यक, तत्त्वज्ञान शिकवायचे ठरवणे हा मोठा प्रयोग होता. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतर खाते उघडले गेले. त्याची सुरुवातीची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ पुढे औरंगाबादच्या इंटर कॉलेजचे प्राचार्य झाले आणि अंजुमन तरक्की उर्दूचे काम त्यांनी अनेक वर्षे औरंगाबादेतून चालवले. १९२३ साली सुरू झालेले ते इंटर कॉलेज मराठवाड्यातले पहिले कॉलेज.

देशी भाषेतून उच्च शिक्षण देता येते हे उस्मानियाने दाखवून दिले. हे श्रेय त्या विद्यापीठाला दिले पाहिजे, आणि मराठीतून विज्ञान शिकवता येत नाही म्हणणाऱ्यांनी तर ते जरूर आठवावे.

प्रश्न होता तो भाषेच्या निवडीचा. संस्थानात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास होते. मराठी बोलणारे चौथ्या हिश्श्याच्या आसपास, शिवाय कन्नड बोलणारे. उर्दू ही मातृभाषा सांगणारे जेमतेम दहा-बारा टक्के. कंधारच्या किंवा औशाच्या मराठी मुलाला घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि वरच्या वर्गात इंग्रजी हा सक्तीचा विषय, अशी तिहेरी कसरत करावी लागे. खाजगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी लागे आणि ती सहज मिळत नसे. १९२९च्या ‘गश्ती निशान ५३’ने सभा घेण्यावरही बंधन आणले.

इथे एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. उस्मानियाच्या उर्दूचा फायदा खेड्यातल्या मुसलमानालाही फारसा झाला नाही. त्याच्या घरात दख्खनी होती. ‘हौ’, ‘नक्को’ म्हणणारी, मराठी-कानडी-तेलुगू शब्द सहज पोटात घेणारी बोली. भाषांतर खात्याने घडवलेल्या पारिभाषिक संज्ञा अरबी-फारसी वळणाच्या होत्या. त्या विणकराच्या, बागवानाच्या, अत्ताराच्या पोरालाही तितक्याच अनोळखी होत्या. त्यात हैदराबाद लांब, वसतिगृहाचा खर्च वेगळा, आणि सरकारी नोकऱ्यांत बाहेरून आलेल्या मंडळींचा भरणा. ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ हा वाद हिंदू-मुसलमान असा नव्हता. संस्थानातले मुसलमान तरुणही उत्तरेतून आलेल्या नोकरदारांविरुद्ध तक्रार करत होते. राज्याची भाषा उर्दू होती म्हणून राज्यातला प्रत्येक मुसलमान राज्यकर्ता होता, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

हिप्परग्याची शाळा आणि १९३८

व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, मराठवाड्यात आले ते शिक्षक म्हणून. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परगा इथल्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला, त्यांनी शिकवले. या शाळांत मराठीतून शिक्षण मिळे. संस्थानी राजकारणात उतरण्याआधीची स्वामीजींची ओळख ही आहे. मुलांना त्यांच्या भाषेत शिकता यावे म्हणून खेड्यात राहिलेला एक मास्तर.

१९३८च्या अखेरीस संस्थानात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास, नोव्हेंबरमध्ये, औरंगाबादच्या इंटर कॉलेजात आणि उस्मानियाच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी बंदी घातली. विद्यार्थ्यांनी संप केला. संप इतर गावांत पसरला आणि शेकडो मुलांची नावे कमी झाली. नागपूर विद्यापीठाने त्यांच्यातल्या अनेकांना दारे उघडली. त्यात एक होते पी. व्ही. नरसिंह राव, जे पुढे देशाचे पंतप्रधान झाले. मराठवाड्यातल्या स्वातंत्र्यचळवळीतले अनेक कार्यकर्ते याच संपातून तयार झाले.

या गीताबद्दल मुसलमान विद्यार्थ्यांच्या मनात आक्षेप होते, हेही खरे आहे. काँग्रेस कार्यसमितीने १९३७ साली त्याची फक्त पहिली दोन कडवी सार्वजनिक ठिकाणी म्हणावीत असे ठरवले, ते याच आक्षेपांचा विचार करून. पण उस्मानियाच्या आवारात फक्त दोनच गट होते असे समजू नये. याच विद्यापीठातून १९३६ साली मखदूम मोहिउद्दीन एम. ए. झाले आणि १९३९ साली त्यांनी सोबत्यांसह कॉम्रेड्स असोसिएशन उभी केली. निजामाच्या सरंजामशाहीविरुद्ध उर्दूतून सर्वांत धारदार लिहिणारा कवी उस्मानियाचाच विद्यार्थी होता. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाह खान हेही उस्मानियाचे पदवीधर. हैदराबादने भारतात यावे असे उर्दूत लिहिले म्हणून रझाकारांनी ऑगस्ट १९४८मध्ये त्यांचा खून केला. त्याच काळात रझाकारांचा पुढारी असलेला कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा आणि अलिगढला शिकलेला. एकाच भाषेत, एकाच धर्मात, एकाच पिढीत हे दोन्ही निघाले. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत रझवीचे नाव दरवर्षी येते. शोएबुल्लाह आणि मखदूम यांची नावे आली तर मुसलमान विद्यार्थ्याला त्या दिवशी मान खाली घालून बसावे लागणार नाही.

सप्टेंबर १९४८ नंतर

रझाकारांनी हिंदू गावांवर केलेले अत्याचार खरे आहेत आणि ते झाकण्याचे काही कारण नाही. पोलिस ॲक्शननंतर मुसलमानांवर जे ओढवले तेही खरे आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने १९४८च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले, असे त्यांनी नोंदवले. म्हणजे आजच्या नांदेड विद्यापीठाच्या कक्षेतला मोठा भाग त्यातच येतो. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, उदगीर बीदर जिल्ह्यात. लातूर ही व्यापारी पेठ. तिथल्या कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची वाताहत झाल्याचे त्या अहवालात आहे. हा अहवाल अनेक दशके दडून राहिला.

शिक्षणाच्या अंगाने पाहिले तर या उलथापालथीत एक सबंध पिढी गळाली. घरातला कर्ता गेला, जमीन गेली, नोकरी गेली, आणि पोराच्या हातातले पुस्तक सुटले. त्याच वेळी भाषाही बदलली. कचेरी, कोर्ट, शाळा यांची भाषा काही वर्षांत उर्दूची मराठी-इंग्रजी झाली. उस्मानियानेही उर्दू माध्यम सोडून इंग्रजी घेतले. उर्दूत मॅट्रिक झालेला, मोत्यासारखे अक्षर असलेला कारकून एकाएकी निरक्षर ठरला. वीस वर्षांपूर्वी मराठी मुलाने जे सोसले होते, ते आता उर्दू शिकलेल्याच्या वाट्याला आले. मराठी मुलाच्या वेळी राजवट अन्यायी होती. या वेळी लोकशाही होती, आणि मराठीला तिचा हक्क मिळणे न्याय्यच होते. पण उर्दू शिकलेल्या मुलाला मराठीच्या वर्गात हात धरून आणण्याची व्यवस्था मात्र नीटशी झाली नाही.

औरंगाबाद आले जवळ

१९५० हे वर्ष मराठवाड्याच्या शिक्षणात मोलाचे आहे. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादला कॉलेज सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले. साठच्या दशकात उदगीर, लातूर, नांदेड अशी कॉलेजे उघडत गेली. १९६३ साली औरंगाबादला रफिक झकेरियांनी मौलाना आझाद कॉलेज काढले.

पीपल्स कॉलेजमुळे नांदेडच्या विद्यार्थिजीवनाला एक वळण लागले. नरहर कुरुंदकर तिथे शिकवत आणि पुढे प्राचार्य झाले. इतिहास, धर्म, राज्यघटना, संगीत, नाटक, कशावरही ते तासन्‌तास बोलत आणि विद्यार्थी वर्गाबाहेरही त्यांच्याभोवती बसत. इस्लामबद्दलची त्यांची सगळीच मते आपल्याला पटतील असे नाही. पण हमीद दलवाईंसारख्यांशी मैत्री ठेवणारा, मुसलमानांच्या प्रश्नावर अभ्यास करून भांडणारा प्राध्यापक एका जिल्ह्याच्या गावी होता. त्याच्याशी वाद घालता येत असे. असे वातावरण आज किती कॉलेजांत आहे?

नांदेडहून औरंगाबाद अडीचशे किलोमीटरच्या पुढे. मनमाड-हैदराबाद या जुन्या मीटरगेज रेल्वेने किंवा एसटीने जायचे. लातूरकरांची तर आणखी तऱ्हा. त्यांची रेल्वे म्हणजे बार्शी लाइटची अरुंद गाडी, जी कुर्डुवाडी-मिरजेकडे जाई. औरंगाबादला जायचे तर रस्त्यानेच. गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायला विद्यापीठात जायचे म्हणजे दोन दिवस आणि घरातून उसने घेतलेले भाडे. एम. ए., एम. एस्सी. करायचे तर वसतिगृह किंवा खोली. मुलांचे कसेबसे जमे. मुलींना मात्र पदवीनंतर घरीच थांबावे लागे, मग घर हिंदूचे असो की मुसलमानाचे.

नामांतराची किंमत

औरंगाबादच्या विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. सोळा वर्षे हा लढा चालला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, नांदेडला नवे विद्यापीठ आले. दोन्ही निर्णय शरद पवार मुख्यमंत्री असतानाचे.

दलित समाजाच्या या लढ्यातून मुसलमानांनी शिकण्यासारखे बरेच आहे. नावाच्या मागे मिलिंद कॉलेज होते, तिथली वसतिगृहे होती, तिथून शिकून निघालेले लेखक, प्राध्यापक, अधिकारी होते. विद्यापीठ आपलेही आहे, असे म्हणायला आधी त्या विद्यापीठात असावे लागते. तिथे आपण बराच काळ फार थोडे होतो.

विष्णुपुरीचे आवार

नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे. ते लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि ‘लातूर पॅटर्न’च्या शिल्पकारांत त्यांचे नाव घेतले जाते. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्याचा त्यांचा अभ्यास होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला विद्यापीठ म्हणजे काय वाटत असेल, हे समजणारा माणूस पहिल्या खुर्चीत बसला, ही चांगली सुरुवात होती.

नांदेड-लातूर रस्त्यावर विष्णुपुरीच्या बाजूला विद्यापीठाचे पाचशे एकरांहून मोठे आवार आहे. स्वतंत्र विभागांऐवजी इथे ‘संकुले’ आहेत. भाषांचे एक संकुल, सामाजिक शास्त्रांचे एक, माध्यमांचे एक. लातूरला उपकेंद्र आहे, किनवटला आदिवासी विकासाचे संशोधन केंद्र. दरवर्षी युवक महोत्सवात चार जिल्ह्यांतली कॉलेजे एकत्र येतात. पोवाडा, लावणी, कव्वाली, एकांकिका, मूकनाट्य असे सगळे होते. वर्षभर स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात डोके घातलेली मुले तेवढे चार दिवस मोकळी होतात.

विद्यापीठ जवळ आल्याचा सर्वांत मोठा फायदा मुलींना झाला. मुखेड, देगलूर, अहमदपूर, औंढा इथल्या मुलींना पदव्युत्तर शिक्षणासाठी औरंगाबाद गाठायची गरज उरली नाही. एसटीचा सवलतीचा पास, मैत्रिणीसोबत घेतलेली खोली किंवा मुलींचे वसतिगृह, एवढ्यावर बापाची समजूत काढता येऊ लागली. नांदेडच्या देगलूर नाका, पीर बुऱ्हाण, इतवारा या वस्त्यांतून बुरखा घातलेल्या मुली आज एम. एस्सी., बी. एड., एम. ए.च्या वर्गांत दिसतात. देशभरातही उच्च शिक्षण घेणाऱ्या मुस्लिम विद्यार्थ्यांत निम्म्याच्या आसपास मुली आहेत. आपल्या समाजाबद्दल बोलणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले बरे.

लातूरची तऱ्हा वेगळी. तिथे उद्योग भवन परिसरात महाराष्ट्रभरातली मुले नीट आणि जेईईसाठी येतात. खोल्या, खाणावळी, अभ्यासिका यांवर शहराचा मोठा व्यवहार उभा आहे. सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर आणि २०१६च्या त्या उन्हाळ्यानंतरही, जेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे गाव पुन्हा अभ्यासाला बसले. पण या गर्दीत विद्यार्थी गिऱ्हाईक झाला आहे. फी भरणाऱ्याला जागा, न भरणाऱ्याला विद्यापीठाचे बी. ए. खोली शोधताना नाव विचारून नकार मिळाल्याचे मुस्लिम मुले-मुली सांगतात. दलित मुलांचाही हा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट. चळवळीतून नाव घेतलेल्या या विद्यापीठात विद्यार्थ्यांची खुली निवडणूक ही गोष्ट स्थापनेपासूनच नव्हती. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वादातून ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला. त्यानंतर १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका थांबवल्या आणि गुणांवरून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली, पण २०१९ साली ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. १९३८च्या संपकरी विद्यार्थ्यांचा वारसा सांगणाऱ्या आवारात विद्यार्थ्याला आपला प्रतिनिधी मतदानाने निवडता येऊ नये, याचे कुणाला फारसे काही वाटत नाही.

तोच प्रश्न

सच्चर समितीने २००६ साली सांगितले की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवीधर चार टक्क्यांहून कमी आहेत, तर एकूण लोकसंख्येत हे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास आहे. २०१४ साली राज्य सरकारने मुसलमानांतल्या मागास घटकांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने शिक्षणातला भाग चालू ठेवायला हरकत घेतली नाही, तरी अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो विरला. संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने डिसेंबर २०२२मध्ये बंद केली. २०२०-२१च्या केंद्रीय पाहणीत उच्च शिक्षणातल्या मुसलमानांचे प्रमाण ४.६ टक्के होते. लोकसंख्येत ते चौदा टक्के आहेत.

या आकड्यांची कारणे अनेक आहेत. गरिबी आहे, लवकर कामाला लागणे आहे, भेदभाव आहे. पण नांदेड-लातूरपुरते बोलायचे तर एक कारण माध्यमाचे आहे. उर्दू शाळेतून दहावी झालेला मुलगा अकरावीला मराठी किंवा इंग्रजी वर्गात जाऊन बसतो. त्याला विषय येतो, शब्द येत नाही. ‘क्षेत्रफळ’, ‘वनस्पतींचे वर्गीकरण’, ‘मूलभूत हक्क’ हे त्याने वेगळ्या नावांनी शिकलेले असते. दोन-चार महिन्यांत तो मागच्या बाकावर जातो आणि वर्षअखेरीस मोबाइलच्या दुकानात. हिप्परग्याच्या मास्तरांना ज्या मुलाची काळजी होती, तो हाच. त्या वेळी त्याचे नाव बहुधा गणपत किंवा माणिक असेल. आज ते अरबाज किंवा सानिया आहे.

यावर उपाय फार खर्चिक नाही. उर्दू माध्यमातून येणाऱ्यांसाठी अकरावीच्या आधी दोन महिन्यांचा मराठी परिभाषेचा वर्ग, विद्यापीठाच्या भाषा संकुलाने तयार केलेला उर्दू-मराठी शब्दसंग्रह, आणि प्रत्येक मोठ्या कॉलेजात अशा मुलांसाठी नेमलेला एक शिक्षक. समाजातल्या संस्थांनी यासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही. शादीखान्याच्या एका दालनात, उन्हाळ्याच्या सुट्टीत हे सुरू करता येईल. उर्दू शाळांनीही पाचवीपासून मराठी मनापासून शिकवली पाहिजे. मराठी ही आपलीच भाषा आहे. मुस्लिम मराठी साहित्य संमेलने १९९०पासून भरत आहेत, ती उगाच नाही.

उर्दूचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. सप्टेंबर २०२३मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्याची निजामकालीन कागदपत्रे बाहेर काढली गेली. ती मोडीत होती आणि उर्दू-फारसीत होती. ती वाचणारी माणसे शोधावी लागली. ज्या भाषेला आपण पंचाहत्तर वर्षे परकी म्हटले, तिच्यात मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या वाडवडिलांच्या जातीच्या आणि जमिनीच्या नोंदी होत्या. हैदराबादला १९९८ साली मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ निघाले खरे, पण मराठवाड्याचा इतिहास हैदराबादवर सोपवून चालणार नाही. नांदेडच्या विद्यापीठात इतिहास शिकणारे बहुतेक विद्यार्थी ही कागदपत्रे वाचू शकत नाहीत. उर्दू शाळेतली मुले लिपी वाचू शकतात, पण इतिहासाकडे वळत नाहीत, कारण तो त्यांना शरमेचा विषय म्हणून शिकवला गेला आहे.

विष्णुपुरीच्या आवारात मोडी, फारसी आणि दफ्तरी उर्दूचा एक अभ्यासक्रम चालू झाला, तर कंधारचा पाटील आणि देगलूर नाक्याचा शेख एकाच बाकावर बसून एकमेकांना कागद वाचून दाखवतील. एकाला उर्दू शिकावी लागेल आणि दुसऱ्याला मोडी. विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे मुलांना कळेल त्या भाषेत शिकवण्यात घालवली. पुढच्या १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर या अभ्यासक्रमाची मागणी विद्यार्थ्यांनीच कुलगुरूंकडे लेखी द्यावी. अर्जावर दोन्हीकडच्या मुलांच्या सह्या असाव्यात.